पंडिता रमाबाईंचे शारदा सदन

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी कुणा थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लिहिण्याची सवय म्हणजे वाण्याची यादी आणि भावाला पत्र एवढीच. पण गेल्या श्रावणातल्या सभेत जो विषय निघाला, तो काही केल्या मनातून जाईना. आपल्या सभागृहाची खोली दुपारी चारपासून रात्री आठपर्यंत वस्तीतल्या मोठ्या मुलींसाठी उघडी ठेवावी, असे काही भगिनींचे म्हणणे होते. ज्यांची आई कामाला जाते, ज्यांच्या घरी बाप पिऊन येतो, ज्यांची शाळा सुटली आहे आणि लग्नाची घाई चालली आहे, अशा तेरा ते अठरा वर्षांच्या मुलींनी तेथे बसावे, वाचावे, शिवण शिकावे, असा तो विचार. त्यावर बराच वाद झाला. जबाबदारी कोण घेणार, उद्या काही झाले तर लोक कुणाकडे बोट दाखवणार, मुलींचे आईबाप काय म्हणतील, असे प्रश्न निघाले आणि निर्णय पुढच्या सभेवर गेला.

म्हणून मी ठरवले की लिहायचेच तर पंडिता रमाबाईंविषयी लिहावे. रमाबाई म्हटले की आपल्याकडे पुष्कळजणींना रमाबाई रानडे आठवतात, काहींना बाबासाहेबांच्या रमाई आठवतात. त्या दोघीही थोरच. पण या रमाबाई निराळ्या. निराधार मुलींसाठी घर उघडणे म्हणजे काय असते आणि त्यापायी काय काय सोसावे लागते, हे त्यांच्या आयुष्यात जितके दिसते तितके क्वचितच कुठे दिसेल.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या घाटातल्या गंगामूळच्या रानात झाला. तो भाग आता कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. पेशव्यांच्या घरातल्या स्त्रीला संस्कृत शिकवले जात असल्याचे त्यांनी तरुणपणी पाहिले होते आणि तेव्हापासून आपल्याही घरातल्या बाईला शिकवायचे, असे त्यांनी मनात घेतले होते. दुसरी पत्नी लक्ष्मीबाई लग्नाच्या वेळी अवघी नऊ वर्षांची. तिला त्यांनी संस्कृत शिकवायला घेतले. घरच्यांना ते रुचले नाही, गावातल्या शास्त्री मंडळींनाही रुचले नाही. तेव्हा अनंतशास्त्र्यांनी घर सोडले आणि रानात जाऊन झोपडी बांधली. बायकोला शिकवता यावे म्हणून घर सोडणारा पुरुष त्या काळी किती विरळा असेल!

पुढे त्याच लक्ष्मीबाईंनी रमाला शिकवले. घरकामाचा रगाडा असे, म्हणून पहाटे उजाडण्यापूर्वी मुलीला मांडीवर घेऊन त्या पाठ देत असत. लहानपणीच रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक तोंडपाठ झाले होते. पण संसाराची घडी बसली नाही. पाहुणे आणि विद्यार्थी यांच्यासाठी शास्त्रीबुवांनी होते नव्हते ते खर्च केले आणि डोक्यावर कर्ज झाले. मग सगळे कुटुंब तीर्थयात्रा करीत, देवळांतून पुराणे सांगत गावोगाव फिरू लागले. थोरल्या बहिणीचे लग्न लहानपणीच करून दिले होते आणि त्यात तिची फार परवड झाली. म्हणून रमाचे लग्न मात्र वडिलांनी लहानपणी केले नाही.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकायला लोक राहिले नाहीत आणि दक्षिणाही मिळेनाशी झाली. मजुरी करण्याची त्या कुटुंबाला सवय नव्हती, भीक मागायची लाज वाटे. काही दिवस पाण्यावर आणि झाडपाल्यावर काढले. अशा हालात आधी वडील गेले, मग काही महिन्यांतच आई गेली आणि मग थोरली बहीण. आईचे प्रेत स्मशानात न्यायला माणसे मिळेनात. कशीबशी दोन माणसे दया येऊन पुढे आली. तिसरा भाऊ आणि चौथी रमा. तिची उंची लहान, म्हणून तिने तिरडीची बाजू खांद्यावर न घेता डोक्यावर घेतली आणि तशी ती स्मशानापर्यंत चालत गेली. तेव्हा तिचे वय सोळा वर्षांचे होते.

भगिनींनो, हे मी मुद्दाम सविस्तर लिहिले. आपण पंडिता म्हणतो, विदुषी म्हणतो, पण त्या दिवशी ती एक अनाथ, बिनलग्नाची, उपाशी पोर होती. आज आपण ज्या मुलींविषयी सभेत बोललो, त्यांच्याच वयाची. तिच्यासाठी कुठे दार उघडे नव्हते. सोबतीला फक्त थोरला भाऊ श्रीनिवास. दोघे बहीणभाऊ पायी हजारो मैल हिंडले, पार काश्मीरपर्यंत गेले. अंगावर पुरेसे पांघरूण नाही. झेलम नदीच्या काठी थंडीने जीव जायची वेळ आली, तेव्हा वाळूत खड्डे करून, त्यात पडून, मानेपर्यंत कोरडी वाळू ओढून घेऊन त्यांनी रात्री काढल्या. पुढे बाईंनी शेकडो मुलींना पांघरूण घातले, ते या रात्री आठवूनच घातले असेल असे मला वाटते.

१८७८ साली बहीणभाऊ कलकत्त्यास पोहोचले. तेथे मात्र नशीब फिरले. वीस वर्षांची एक मराठी मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, हे पाहून तिथले पंडित चकित झाले. त्यांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पण सुख फार टिकले नाही. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. जात वेगळी, प्रांत वेगळा. १८८१ साली मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा ठेवले. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. लग्नाला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. चोविसाव्या वर्षी, तान्ही मुलगी कडेवर, अशा त्या विधवा झाल्या.

त्याच साली रमाबाई पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे वगैरे सुधारक मंडळींनी त्यांना आधार दिला. त्यांनी आर्य महिला समाज काढला. बायकांनी एकत्र जमावे, वाचावे, व्याख्यान ऐकावे, ही गोष्ट पुण्याच्या घरांतून तेव्हा फार नवी होती. रमाबाई रानडे या सभांना जात असत आणि त्याबद्दल घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची बोलणी खात असत. म्हणजे आपले मंडळ ज्या वाटेवर आहे, त्या वाटेवरचा हा एक पहिला दगड. त्याच वर्षी शिक्षणाचा विचार करणाऱ्या सरकारच्या हंटर आयोगापुढे रमाबाईंनी साक्ष दिली आणि बायकांना शिकवायला बायकाच शिक्षिका हव्यात, बायकांना तपासायला बायकाच डॉक्टर हव्यात, असे ठासून सांगितले.

पुण्यात त्यांना बालविधवा दिसल्या. आठव्या-नवव्या वर्षी लग्न, दहाव्या-बाराव्या वर्षी वैधव्य, मग केशवपन, एक वेळ जेवण, अंधाऱ्या खोलीत बसणे आणि घरातले सगळे काम. तरुण झाली की घरातल्याच कुणा पुरुषाची वाईट नजर. पाऊल चुकले की विहीर जवळ करायची, नाहीतर काशीला सोडून यायचे. आपल्या जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात १८६३ सालीच अशा फसलेल्या विधवांसाठी बाळंतपणाची सोय केली होती आणि त्यांतल्याच एकीचा मुलगा दत्तक घेऊन त्याला यशवंत म्हणून वाढवले होते. फुल्यांनी जे केले ते पोळलेल्या बाईसाठी. रमाबाईंच्या मनात आले की मुलगी पोळण्याआधीच तिला राहायला, शिकायला आणि स्वतःच्या पायांवर उभे राहायला जागा असावी. पण त्यासाठी पैसा हवा आणि स्वतःचेही पुढचे शिक्षण हवे.

१८८३ साली त्या लहान मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी तेथे ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ही गोष्ट आपल्या पुष्कळ भगिनींना खटकते हे मला ठाऊक आहे. तिच्याबद्दल मी पुढे लिहीत आहे. वैद्यकी शिकण्याचा त्यांचा विचार होता, पण ऐकू कमी येऊ लागल्याने तो सोडावा लागला. १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. त्यांच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, तो सोहळा बघायला त्यांना बोलावणे होते. तेथे त्या दोन वर्षांवर राहिल्या. लहान मुलांना खेळांतून शिकवण्याची बालोद्यान पद्धत त्यांनी शिकून घेतली, गावोगाव व्याख्याने दिली आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर १८८७ साली इंग्रजीत पुस्तक लिहिले. ते हातोहात खपले. बोस्टन शहरात रमाबाई असोसिएशन नावाची संस्था निघाली. विधवांच्या शाळेला दहा वर्षे पैसे पुरवायचे तिने कबूल केले. शाळेत धर्माची सक्ती असणार नाही, हे तेव्हाच ठरले होते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. सुरुवातीला मुली अगदी मोजक्या. पहिल्या विधवा मुलींत देवरुखच्या जोशांची गोदूबाई होती. आठव्या वर्षी नातूंच्या घरी दिलेली आणि लग्नानंतर थोड्याच दिवसांत विधवा झालेली. सासरी राबण्यात तिची पुढची कित्येक वर्षे गेली. भावाने धीर करून तिला सदनात आणून सोडले. पुढच्या वर्षी सदन पुण्यास आले, कारण मुंबईचा खर्च झेपेना आणि मुली पुण्याकडच्या जास्त.

सदनात कसे वागवीत असत, हे आपण समजून घेण्यासारखे आहे. आलेल्या मुलीला तिचा दोष काय, हे विचारीत नसत. तिला जेवायला घालीत, हातात पाटी देत. ज्या मुलींना आपले सोवळे पाळायचे असेल त्यांना ते पाळू देत, स्वयंपाकाची सोयही तशी असे. बाई स्वतः पांढरे साधे लुगडे नेसत, आयुष्यभर त्यांनी मांसाहार केला नाही. बाग होती, खेळ होते, पुस्तके होती. केशवपनाविरुद्ध तर त्यांनी १८८९ साली मुंबईच्या सामाजिक परिषदेत सर्वांसमोर भाषण केले. ज्या मुलीला घरात आरसा बघायचीही बंदी होती, ती येथे चार मैत्रिणींत हसू लागली. मुलीला शाळा लागते, तशीच हसायला एक जागाही लागते.

आता ती अवघड गोष्ट. बाईंच्या खोलीत रोज सकाळी त्या मनोरमेबरोबर प्रार्थना करीत. खोलीचे दार त्या लावून घेत नसत. मुलींनी यायचे तर यावे, न यायचे तर न यावे. हळूहळू काही मुली येऊन बसू लागल्या. बाहेर बातमी पसरली. केसरीने कडक टीका केली. सदनाच्या सल्लागार मंडळात रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्यासारखी माणसे होती. सदन मिशनऱ्यांच्या वळणावर जात आहे असे म्हणून १८९३ साली त्यांनी राजीनामे दिले. वीस-पंचवीस मुलींना पालक घेऊन गेले. त्यांतल्या कितीजणी पुन्हा त्याच अंधाऱ्या खोलीत गेल्या असतील, या विचाराने मला आजही वाईट वाटते. पुढे काही मुलींनी धर्मही बदलला.

यात कुणाचे चुकले? मी लहान तोंडी मोठा घास घेत नाही, पण एक आई म्हणून जे वाटते ते लिहिते. बाईंनी सक्ती केली नाही, हे खरे. स्वतःच्या घरात दार लावून प्रार्थना का करावी, असे त्यांना वाटले असेल, तेही समजते. पण पालकांनी मुली विश्वासाने सोपवल्या होत्या. ज्या बाईवर मुलींचा जीव जडलेला, तिचे दार उघडे असणे हेही एक बोलावणेच असते. पालकांची भीती अगदीच खोटी होती, असे म्हणता येत नाही. उलट बाजूने पाहावे तर ज्या समाजाने त्या मुलींसाठी स्वतः एकही खोली बांधली नव्हती, त्याने दुसऱ्याने बांधलेली रिकामी करायला किती घाई केली! दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही आपण लक्षात ठेवल्या पाहिजेत.

चांगलेही त्यातूनच उगवले. सदन उघडल्याला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, ११ मार्च १८९३ रोजी, गोदूबाईंचा पुनर्विवाह प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला आणि त्या आनंदीबाई झाल्या, सगळ्यांच्या बाया झाल्या. अण्णासाहेबांना मुरुडला गावकऱ्यांनी बहिष्कृत केले, ते त्या दोघांनी सोसले. १८९६ साली अण्णासाहेबांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्यास नेला. विधवांनी आपल्या धर्मात राहून शिकावे, अशी सोय त्यांनी केली. नुसती टीका करणारे पुष्कळ होते. अण्णासाहेबांनी मात्र टीका करीत न बसता दुसरे घर उभे केले. बायांच्या धाकट्या बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा, आश्रमासाठी देशोदेशी हिंडून पैसे गोळा करू लागल्या. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानड्यांचे सेवासदन उभे राहिले. एका घराचे दार उघडले तेव्हा गावात आणखी दारे उघडली.

इकडे रमाबाईंच्या आयुष्याचे दुसरे मोठे पर्व सुरू झाले. १८९६-९७ साली मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. बाई स्वतः तिकडे गेल्या. सरकारी कामांवर आणि अन्नछत्रांत त्यांनी जे पाहिले त्याने त्यांना बावीस वर्षांपूर्वीचे स्वतःचे दिवस आठवले. आईबाप मेलेल्या, नाहीतर टाकून गेलेल्या तरुण मुली मूठभर धान्यासाठी विकल्या जात होत्या. त्यांना नेण्यासाठी वाईट धंद्याची माणसे छावण्यांभोवती घिरट्या घालीत होती. ज्यांच्यावर त्यांच्या रक्षणाचे काम सोपवलेले, तेही पुष्कळदा त्यांतलेच. बाईंपाशी तेव्हा पैसा नव्हता, सदनाची मदत संपत आली होती. तरी त्या मुली गोळा करीत गेल्या. होता होता तीनशेच्या आसपास मुली झाल्या.

त्याच वेळी पुण्यात प्लेग आला. नव्या मुली शहरात ठेवायची परवानगी मिळेना. पुण्यापासून सुमारे ३५ मैलांवर केडगावला बाईंनी सदनाच्या खर्चासाठी बागाईत करावी म्हणून जमीन घेऊन ठेवली होती. तेथे पाल ठोकले, गवताच्या झोपड्या उभ्या केल्या आणि मुलींना नेले. मुली आजारी, हाडांचे सापळे झालेल्या, कुणावर विश्वास न ठेवणाऱ्या. दुष्काळात ज्यांनी ज्यांनी गोड बोलून जवळ केले त्यांनी फसवले, मग या पांढऱ्या लुगड्याच्या बाईवर तरी विश्वास का ठेवावा? दिवसामागून दिवस जेवण वेळेवर मिळू लागले, रात्री कुणी ओढून नेले नाही, तेव्हा कुठे मुली निवळल्या.

प्लेगच्या दिवसांतली एक गोष्ट आवर्जून सांगते. सदनातली एक मुलगी आजारी म्हणून सरकारी प्लेगच्या इस्पितळात नेली आणि ती परत आली नाही. तिची तेथे विटंबना झाल्याचे बाईंना कळले. सरकारचा प्लेगचा अंमल तेव्हा किती कडक होता ते आपण वाचलेले आहे. तरी बाईंनी १८९७ च्या मे महिन्यात मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रात पत्र लिहून जाहीरपणे जाब विचारला. गव्हर्नरांनी ती तक्रार नाकारली. पण एका गरीब मुलीसाठी, जिचे मागे-पुढे कुणी नव्हते, बाई लाटसाहेबाशी भांडल्या. आपल्या दारात आलेली मुलगी आपली. ती दाराबाहेर गेली तरी आपली जबाबदारी संपत नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

१८९८ साली केडगावच्या त्या घराचे नाव मुक्ती सदन झाले. १८९९-१९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तिकडून शेकडो मुली आणल्या. आधीच्या दुष्काळातून वाचलेल्या, आता जाणत्या झालेल्या मुलींनी या नव्या मुलींना न्हाऊमाखू घातले, सांभाळले, शिकवले. सगळ्या मिळून सुमारे २,००० जीव तेथे राहू लागले. एका बाईच्या माथ्यावर दोन हजारांचे जेवण! विहिरी खणल्या, शेती केली, गाईगुरे पाळली. मुली हातमागावर कापड विणू लागल्या, तेल काढू लागल्या, शिवण, धुलाई, भट्टीचे काम करू लागल्या. छापखान्यात मुली खिळे जुळवून छपाई करीत. कुणी शिक्षिका झाल्या, कुणी रुग्णांची सेवा शिकल्या. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन वेगळे काढले, म्हाताऱ्या बायांसाठी वेगळी जागा केली. आंधळ्या मुलींना मनोरमाबाई ठिपक्यांच्या लिपीत वाचायला शिकवू लागल्या.

मुक्ती सदन हे उघडपणे ख्रिस्ती घर होते आणि बाईंनी ते लपवले नाही. आपला मार्ग तो नव्हे. पण मला विचाराल तर त्या दुष्काळात या मुलींना नेण्यासाठी दुसरे कोण उभे होते? बाई आणि ते बाजारातले दलाल, एवढेच.

शेवटची वर्षे दुःखाची गेली. आईच्या पाठीशी सावलीसारखी उभी राहिलेली मनोरमा १९२१ च्या जुलैत वारली. चाळीस वर्षांची एकुलती मुलगी. बाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करीत होत्या, कारण सदनातल्या अडाणी बायांना छापील बायबलाची जड भाषा कळत नसे. ते काम त्यांनी पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच देह ठेवला. सरकारने १९१९ साली त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले होते, स्वतंत्र भारताने १९८९ साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. केडगावचे घर आजही चालू आहे.

हे चरित्र लिहिताना मी आपल्या सभेतले प्रश्न पुन्हा पुन्हा मनाशी घोळवीत होते. जबाबदारी कोण घेणार? बाईंकडे पाहिले तर उत्तर सोपे आहे, जिच्या हाती किल्ली तिने. पण एकटीने घेतली की ती जड होते. म्हणून आपण पाळ्या लावाव्यात. प्रत्येक दिवशी दोन बाया, दोघी शेवटची मुलगी घरी पोहोचेपर्यंत थांबणाऱ्या. लोक काय म्हणतील? म्हणतीलच. रानड्यांच्या घरी बोलले, कर्व्यांना गावाने वाळीत टाकले, रमाबाईंना तर आपल्यांनीही आणि परक्यांनीही बोल लावले. आईबाप काय म्हणतील? हा प्रश्न मात्र मी वाऱ्यावर सोडणार नाही. सदनात जी ठेच लागली ती येथेच. म्हणून खोली उघडण्यापूर्वी आपण प्रत्येक मुलीच्या घरी जाऊन बसावे, खोलीत काय चालते ते सांगावे आणि आयांना कधीही येऊन बघायला मोकळीक द्यावी. मुलीला कुणाच्या देवाकडे, पक्षाकडे, किंवा स्थळाकडे वळवायचे नाही, एवढा नेम आपण पाळावा. आणि एखादी मुलगी घाबरून काही सांगू लागली, तर ते चहाबरोबर चघळायचे नाही. ते जिच्या कानी आले तिने अध्यक्षबाईंना सांगावे आणि मग मुलीच्या पाठीशी उभे राहावे, समोर कुणीही असो.

शेवटी स्वतःबद्दल एकच सांगते. मी सातवी झाले तेव्हा तेरा वर्षांची होते. पुढची शाळा लांब होती आणि मुलगी वयात आली, आता घरीच बसू दे, असे सगळ्यांनी ठरवले. त्यात कुणी दुष्ट नव्हते. माझ्या आईला एवढेच हवे होते की पोर सुरक्षित राहावी. गावात अशी एक खोली असती, जिथे मी संध्याकाळी दोन तास बसले असते आणि आईला तिथल्या बाया माहीत असत्या, तर माझी शाळा कदाचित सुटली नसती. म्हणून पुढच्या सभेत माझे मत खोली उघडण्याच्या बाजूने आहे, आणि मंगळवारची व शुक्रवारची पाळी मी आजच माझ्या नावावर लिहून ठेवते.